नकाशावरच्या दोन वाटा: मेश नेटवर्क वाट कशी शोधते आणि कुठे अडते

ठाण्याजवळ, कळवा पूर्वेला जिथे पारसिकच्या डोंगराचा उतार सुरू होतो, तिथे घरे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिल्यासारखी वर चढत गेली आहेत. खालच्या घराची गच्ची वरच्या घराच्या उंबऱ्याला भिडते, मधली पायऱ्यांची वाट समोरून माणूस आला तर अंग चोरून उभे राहावे लागेल इतकी अरुंद आहे, आणि म्हणूनच रस्त्यापर्यंत आलेली फायबरची तार वरच्या घरांपर्यंत ओढत नेणे खर्चाचे आणि कटकटीचे काम होऊन बसते. अशाच एका वस्तीत आम्ही काही जणांनी मिळून अकरा छोट्या रेडिओ पेट्यांचे मेश नेटवर्क उभे केले आहे. रस्त्यालगत दोन ठिकाणी इंटरनेटची जोडणी येते आणि तिथून ते छपरांवरून, एका पेटीकडून दुसरीकडे, डोंगर चढत जाते.

गेल्या जुलैत, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासाठी पसंतीक्रम भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी, वरच्या आळीतले इंटरनेट बंद पडले. एका आईचा फोन आला, "दादा, पोरीचा फॉर्म अर्धा भरून झालाय, आता पान पुढं सरकतच नाही." मी नेटवर्कचा नकाशा उघडला. वरच्या आळीकडे जाण्यासाठी आम्ही मुद्दाम दोन वाटा ठेवल्या होत्या, एक पिठाच्या गिरणीच्या माडीवरून आणि दुसरी बालवाडीच्या छपरावरून. एक बंद पडली तर दुसरीने काम चालावे, एवढाच त्यामागचा विचार. प्रत्यक्षात दोन्ही वाटा एकाच क्षणी बंद पडल्या होत्या. मुलीने तो फॉर्म रात्री साडेदहाला खाली रस्त्यावर उभे राहून, मामाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पूर्ण केला. त्या संध्याकाळी नेमके काय झाले ते पुढे सांगतोच. पण ते नीट कळण्यासाठी ही पेटी वाट कशी निवडते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

घरातल्या नेहमीच्या वायफायमध्ये एक राउटर असतो आणि त्याच्या पाठीला इंटरनेटची तार जोडलेली असते. मेश नेटवर्कमध्ये बहुतेक पेट्यांना अशी तार नसतेच. प्रत्येक पेटी दोन कामे करते: आसपासच्या घरांना वायफाय देते आणि दुसऱ्या पेट्यांचे निरोप पुढे पोचवते. अशा एकेका पेटीला नोड म्हणतात, आणि एका पेटीकडून दुसरीकडे जाणाऱ्या प्रवासाच्या तुकड्याला टप्पा म्हणू. वरच्या आळीतल्या मोबाइलवरून निघालेले पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तीन किंवा चार टप्पे करून रस्त्यापर्यंत येते, तिथून फायबरवर चढते, आणि उत्तर त्याच पद्धतीने परत वर जाते. कोणत्या पेटीने पुढचे पॅकेट कोणाकडे द्यायचे, हे ठरवण्याच्या कामाला राउटिंग म्हणतात. हे काम पेट्या आपापसांत बोलून, माणसाला न विचारता, दर काही सेकंदांनी नव्याने करत असतात.

त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत प्रत्येक पेटीच्या हातात संपूर्ण वस्तीचा नकाशा असतो. कोण कोणाचा शेजारी आहे याची माहिती सगळीकडे फिरवली जाते आणि प्रत्येक जण स्वतःच्या नकाशावर सर्वांत चांगली वाट काढतो. २००३ साली प्रसिद्ध झालेला ओएलएसआर हा प्रोटोकॉल, म्हणजे पेट्यांनी आपसांत बोलण्याची नियमावली, या रीतीचा आहे. दुसरी रीत आपल्या वस्त्यांमध्ये पत्ता विचारण्यासारखी आहे. कोपऱ्यावरचा किराणावाला तुम्हाला घर दाखवत नाही, तो म्हणतो, "वर मारुतीच्या देवळापाशी विचारा." देवळापाशी बसलेला माणूस सांगतो, "डावीकडच्या नळापर्यंत जा." घर कुठे आहे याचा पूर्ण नकाशा कोणाकडेच नसतो, पण पुढचे पाऊल कोणत्या दिशेला टाकायचे हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असते, आणि तेवढ्यावर माणूस घरी पोचतो. बेबल आणि बॅटमन हे प्रोटोकॉल या घराण्यातले आहेत.

बॅटमनचा जन्म बर्लिनमध्ये, फ्रायफुंक या नागरिकांच्या वायरलेस चळवळीत झाला. तिथे छपरांवरच्या पेट्यांची संख्या शेकड्यांत गेली, तेव्हा स्वस्तातल्या छोट्या राउटरांना सगळ्या शहराच्या नकाशाचा हिशेब सतत करणे जड जाऊ लागले. मग त्या मंडळींनी ठरवले की नकाशा हवाच कशाला, दर पेटीने ठरावीक वेळाने "मी इथे आहे" एवढी हाक मारावी आणि ऐकणाऱ्याने ती हाक कोणत्या शेजाऱ्याकडून जास्त वेळा आणि नीट ऐकू येते एवढेच लक्षात ठेवावे. २०११ मध्ये या प्रोटोकॉलची सुधारित आवृत्ती लिनक्स या संगणक-प्रणालीच्या मूळ गाभ्यात दाखल झाली, आणि आमच्या वस्तीतल्या पेट्यांवरही तीच चालते. माझ्या मते छोट्या, हौशी हातांनी सांभाळलेल्या नेटवर्कसाठी हा साधेपणा फार मोलाचा आहे.

आता चांगली वाट म्हणजे कोणती, हा खरा प्रश्न. पटकन सुचणारे उत्तर असे की कमीत कमी टप्प्यांची वाट चांगली. तारांच्या जगात ते पुष्कळदा चालून जाते, कारण तार एक तर जोडलेली असते किंवा तुटलेली. रेडिओचे तसे नाही. रेडिओची लिंक, म्हणजे दोन पेट्यांमधला हवेतला दुवा, कधीच पूर्ण चांगली किंवा पूर्ण वाईट नसते. दहा पॅकेटांतली नऊ पोचवणारी लिंक असते, तशी दहातली जेमतेम पाच पोचवणारीही असते. कमी टप्प्यांच्या मागे लागलेला प्रोटोकॉल हमखास लांबच्या लांब लिंका निवडतो, आणि लांबची लिंक म्हणजे बहुधा कमकुवत लिंक. त्यामुळे टप्पे मोजणारे नेटवर्क नेमक्या सर्वांत वाईट वाटांवर जाऊन बसते.

यावरचा उपाय २००३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी मांडला. तिथल्याच गटाने अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातल्या घरांच्या छपरांवर रूफनेट नावाचे मेश नेटवर्क चालवले होते. त्यांच्या मापाला ईटीएक्स म्हणतात, आणि ते एका सरळ प्रश्नाचे उत्तर आहे: एक पॅकेट पलीकडे नक्की पोचवण्यासाठी सरासरी किती वेळा पाठवावे लागेल? वायफायमध्ये पॅकेट मिळाले की घेणारा पोच देतो. पोच आली नाही तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. म्हणून पॅकेट जाण्याची शक्यता आणि पोच परत येण्याची शक्यता या दोन्हींचा गुणाकार करायचा आणि १ ला त्याने भागायचे.

आकडे घालून पाहू. रस्त्यावरच्या पेटीपासून वरच्या आळीपर्यंत एक थेट पण लांबची लिंक आहे. तिच्यावर जाताना निम्मी पॅकेटे पोचतात आणि पोच परत येण्याचे प्रमाण ६० टक्के आहे. ०.५ गुणिले ०.६ म्हणजे ०.३, आणि १ भागिले ०.३ म्हणजे ३.३३. एका पॅकेटसाठी सरासरी तीनहून अधिक वेळा पाठवणी करावी लागेल. त्याऐवजी गिरणीवरून दोन टप्प्यांनी गेलो आणि त्या प्रत्येक टप्प्यावर दोन्ही दिशांना ९५ टक्के यश असेल, तर एका टप्प्याचे माप १.११ येते आणि दोन्ही मिळून २.२२. टप्पा एकाऐवजी दोन झाले, तरी एकूण कष्ट तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले. बॅटमन हेच सूत्र जसेच्या तसे वापरत नाही. तो हाका किती ऐकू आल्या यावर गुण देतो आणि दर टप्प्याला थोडे गुण कापतो. तरीही मोजायचे टप्पे नव्हेत तर पोचण्याची खात्री, ही त्यामागची समज तीच आहे.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वायफायची पेटी पॅकेट हरवले की ते स्वतःच पुन्हा पाठवते, साधारण सात वेळांपर्यंत. त्यामुळे वापरणाऱ्याला पॅकेट हरवलेले दिसत नाही. त्याला फक्त उशीर दिसतो. हरवण्याचे रूपांतर थांबण्यात होते. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो आणि चेहरा गोठतो, तेव्हा माणसे म्हणतात की स्पीड कमी आहे. पुष्कळदा स्पीड पुरेसा असतो; एखादी लिंक तेच तेच पॅकेट चार-चार वेळा पाठवत असते.

शिवाय या पुन्हा पाठवण्याची किंमत एकट्या त्या घराला पडत नाही. हवा सगळ्यांची मिळून एकच आहे. एका चॅनलवर एका वेळी जवळपासच्या एकाच पेटीने बोलायचे असते, जसे ग्रामसभेत एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. १५०० बाइटचे एक पॅकेट सेकंदाला १२० मेगाबिटच्या वेगाने पाठवले तर हवेचा वेळ लागतो एका मिलिसेकंदाचा दहावा भाग. तेच ६ मेगाबिटच्या वेगाने पाठवले तर २ मिलिसेकंद, म्हणजे वीसपट. दूरच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत भिंतीआडून कसाबसा जोडलेला मोबाइल असा सगळ्या आळीचा वेळ खातो. याच कारणाने एकाच रेडिओच्या पेट्यांवर टप्पे वाढले की वेग झपाट्याने घसरतो. पहिल्या टप्प्यावरची पाठवणी चालू असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांना गप्प बसावे लागते, म्हणून तीन टप्प्यांनंतर मूळ वेगाचा फार तर तिसरा हिस्सा हाती येतो. आम्ही मधल्या मुख्य पेट्यांवर दोन वेगळे रेडिओ ठेवले आहेत, एक घरांसाठी २.४ गिगाहर्ट्झवर आणि एक पेट्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी ५ गिगाहर्ट्झवर. खर्च वाढला, पण तो योग्य ठिकाणी झाला असे मी ठामपणे म्हणेन.

मोजमापाची एक अडचण अशी की मोजलेली गोष्ट सतत बदलत असते. एखाद्या क्षणी गिरणीची वाट जराशी सरस ठरते, पुढच्या क्षणी बालवाडीची, आणि पेटी दर सेकंदाला वाट बदलू लागली तर पॅकेटे पुढेमागे पोचतात, कधी दोन पेट्यांमध्ये गोल गोल फिरतात, आणि चांगल्या दोन वाटा असूनही काम खराब होते. म्हणून शहाणे प्रोटोकॉल थोडे हट्टी असतात. नवी वाट नुसती बरी असून भागत नाही, ती स्पष्टपणे आणि काही काळ बरी असावी लागते. या हट्टाची किंमत म्हणजे वाट खरोखर तुटली तर ते ओळखायलाही थोडा वेळ जातो. ओएलएसआरच्या मूळ ठरावात शेजाऱ्याची हाक दर २ सेकंदांनी येते आणि तीन हाका चुकेपर्यंत, म्हणजे ६ सेकंद, वाट पाहिली जाते. अधीरपणा आणि हट्ट यांच्यातला तोल कुठे ठेवायचा, हे त्या त्या जागेवर ठरते.

जागा किती महत्त्वाची आहे याचे एक उदाहरण ठाण्याच्या खाडीने मला दाखवले. ओळखीच्या एका गटाची ऐरोलीच्या एका गच्चीवरून खाडीपलीकडे मुलुंडच्या दिशेने जाणारी लिंक होती. ती रोज काही तास बिघडायची. सिग्नल पडायचा, सावरायचा, पुन्हा पडायचा. पेटी बदलून झाली, केबल बदलून झाली. शेवटी त्यांच्यातल्या एकाने बिघाडाच्या वेळा वहीत लिहायला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात दिसले की बिघाड रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतो आहे. कोळीवाड्यातल्या कोणालाही हे ऐकताच कळले असते, कारण भरतीची वेळच रोज तेवढी पुढे सरकते. रेडिओलहर समोरच्या अँटेनाकडे एकदा थेट जाते आणि एकदा पाण्यावरून परावर्तित होऊन जाते. ५.५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. पाणी चढत गेले की या दोन प्रवासांच्या अंतरातला फरक बदलत जातो, आणि जेव्हा दोन्ही लहरी एकमेकींच्या विरुद्ध पडतात तेव्हा त्या एकमेकींना पुसून टाकतात. पाणी तीन-चार मीटर चढेपर्यंत असे अनेकदा घडते. उपाय म्हणून त्यांनी अँटेना गच्चीच्या कठड्याच्या मागे सरकवला, म्हणजे समोरची गच्ची दिसत राहिली पण पाण्यावरून येणारी लहर कठड्याने अडवली.

पावसाबद्दलचा एक समज इथे दुरुस्त करायला हवा. पावसाने सिग्नल जातो असे सर्रास म्हटले जाते, परंतु ५ गिगाहर्ट्झवर आपल्या जुलैतल्या धो धो पावसातही एक-दोन किलोमीटरच्या अंतरात पावसाच्या थेंबांमुळे होणारी घट अगदी किरकोळ असते. ६० गिगाहर्ट्झच्या उपकरणांची गोष्ट निराळी. ती जोरदार पावसात खरोखरच आंधळी होतात. आपल्याकडे पावसाळ्यात नेटवर्क पडते ते इतर कारणांनी. कनेक्टरमध्ये पाणी शिरते. गेल्या वर्षी मी एक जोड उघडला तर आतले तांबे शेवाळासारखे हिरवे झाले होते आणि टोकातून थेंब ठिबकत होता. केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोल दिलेला नव्हता, त्यामुळे पाणी केबलवरून ओघळत थेट आत जात होते. दुसरे कारण झाडे. मे महिन्यात निष्पर्ण असलेले झाड ऑगस्टमध्ये ओल्या पानांनी भरते, आणि ओले पान ही रेडिओसाठी पाण्याची भिंतच असते. तिसरे कारण ठाण्यात राहणाऱ्याला सांगावे लागू नये: गळती थांबवण्यासाठी सोसायट्या पावसाच्या तोंडावर गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. पत्र्यातून रेडिओलहर पलीकडे जात नाही. आणि शेड अगदी मधोमध आली नाही तरी नुकसान होतेच, कारण लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही, तिला मध्यभागी फुगलेली जागा लागते. १ किलोमीटरच्या लिंकला ५.५ गिगाहर्ट्झवर मध्यावर चहूबाजूंनी सुमारे ३.७ मीटर त्रिज्येची ही जागा असते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. समोरची पेटी डोळ्यांना दिसते म्हणजे वाट मोकळी आहे, असा अर्थ काढू नये.

आता विश्वासार्हतेकडे वळतो. एक पेटी वर्षातला ९९ टक्के वेळ चालू असते असे धरा. ऐकायला हे उत्तम वाटते, पण ९९ टक्के म्हणजे वर्षाला ८७ तासांहून अधिक काळ बंद. अशा चार पेट्यांची साखळी असेल तर चारही एकाच वेळी चालू असाव्या लागतात, ०.९९ चा चार वेळा गुणाकार केला की ९६ टक्क्यांच्या थोडे वर उरते, म्हणजे वर्षातले सुमारे ३४५ तास, जवळजवळ चौदा दिवस, वरची आळी इंटरनेटविना राहील. आता अशाच दोन साखळ्या शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता इतकी कमी होते की वर्षाला साडेतेरा तासांच्या आसपास बंद काळ उरतो. चौदा दिवसांवरून साडेतेरा तासांवर. मेश नेटवर्कच्या बाजूने मांडला जाणारा हाच सर्वांत मोठा मुद्दा आहे आणि तो खरा आहे.

मात्र हे सगळे गणित 'स्वतंत्र' या एका शब्दावर उभे आहे. एका साखळीच्या बंद पडण्याचा दुसरीशी काहीही संबंध नसेल, तरच शक्यतांचा गुणाकार करता येतो. त्या जुलैच्या संध्याकाळी आम्ही नेमके इथेच चुकलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीवाल्या काकांकडे गेलो. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मीटरच्या पेटीत पाणी शिरून एमसीबी, म्हणजे बिघाड होताच आपोआप वीज तोडणारा स्विच, पडला होता. गिरणीच्या माडीवरची आमची पेटी त्यामुळे बंद पडली, हे समजण्यासारखे होते. बालवाडीची का पडली? मी मीटरच्या पेटीपासून वायर बोटाने धरत धरत गेलो. गिरणीच्या बोर्डातून एक पिवळसर जुनी वायर भिंतीवरून, वळचणीखालून, गल्ली ओलांडून बालवाडीच्या खिडकीत शिरत होती. बालवाडीच्या ताई म्हणाल्या, "आमचं मीटर जळालं तेव्हा काकांनी दिली होती लाइन, मग तशीच राहिली." आमच्या नकाशावर दोन वाटा होत्या. विजेच्या नकाशावर एकच होती, आणि विजेचा नकाशा आम्ही कधी काढलाच नव्हता.

असा सामायिक दुवा एकदा शोधायला लागलो की तो सगळीकडे सापडतो. आमच्या दोन इंटरनेट जोडण्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत, पण दोघींच्या तारा पहिल्या दीडशे मीटरपर्यंत एकाच खांबांवरून येतात. एखाद्या उंच ट्रकने त्या ओढल्या तर दोन्ही कंपन्या एकदमच जातील. दोन पेट्या वेगवेगळ्या घरांवर असूनही एकाच वडाच्या फांदीमागे असू शकतात. सगळ्या पेट्या एकाच बनावटीच्या असतील आणि एका रात्री त्यांच्यावर चुकीचे सॉफ्टवेअर चढवले गेले, तर अकराच्या अकरा एकत्र गप्प होतील; म्हणून आम्ही आता नवे सॉफ्टवेअर आधी एका कमी महत्त्वाच्या पेटीवर चढवतो आणि आठवडाभर थांबतो. आणि सर्वांत दुर्लक्षित सामायिक दुवा म्हणजे माणूस. पासवर्ड एकालाच माहीत असतो, शिडीवर एकच मुलगा चढतो, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी गणपतीला कोकणात गेलेले असतात.

हा शेवटचा मुद्दा दुरुस्तीच्या वेळेशी जोडलेला आहे, आणि या विषयावर बोलताना लोक त्याला जेवढे महत्त्व देतात त्याहून तो कितीतरी मोठा आहे. पेटी दर तीस दिवसांनी एकदा बिघडते असे धरा. एका तासात दुरुस्त झाली तर ती ९९.८६ टक्के वेळ चालू राहते. तीच पेटी किल्ली मिळेपर्यंत दोन दिवस बंद राहिली तर आकडा ९३.७५ टक्क्यांवर येतो. पेटी तीच, बिघाड तोच. फरक फक्त किल्लीचा. म्हणून महागडी पेटी विकत घेण्याआधी गच्चीच्या किल्लीची दुसरी प्रत करून घ्यावी, असे मी प्रत्येक नव्या गटाला आवर्जून सांगतो. स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ पासून वाढत गेलेल्या आणि हजारो पेट्यांपर्यंत पोचलेल्या गिफी-नेट या जाळ्यातही कोणी काय सांभाळायचे आणि खर्च कसा वाटून घ्यायचा याचे नियम लिहून ठेवलेले आहेत. आपल्या जवळचा प्रयत्न पाहायचा तर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या पालघरमधल्या गावांमध्ये मुंबईच्या आयआयटीने ग्राममार्ग हा प्रकल्प राबवला. त्यात टीव्हीच्या लहरींच्या न वापरलेल्या पट्ट्यातून गावांना जोडण्याचा प्रयोग झाला, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या स्पर्धेत त्याची निवड झाली.

इंटरनेटच्या दोन जोडण्या असल्या तरी एकीवरून दुसरीवर जाताना एक अपरिहार्य झटका बसतो, तेही सांगून ठेवतो. बाहेरच्या जगाला आपला पत्ता त्या जोडणीच्या पत्त्यावरून कळतो. जोडणी बदलली की पत्ता बदलतो, आणि चालू असलेला व्हिडिओ कॉल किंवा अर्धवट चढवलेली फाइल बहुधा तुटते, जरी दोन सेकंदांत सगळे पुन्हा सुरळीत झाले असले तरी. त्यामुळे पेटीने जोडणी बदलण्याची घाई करू नये अशी मांडणी आम्ही केली आहे. पेट्यांमधली वाट मात्र ती खुशाल बदलू शकते, कारण त्याने पत्ता बदलत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी की आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून, आणि ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा २०१८ पासून, ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत घराबाहेरही विनापरवाना वापरता येतो. मात्र घरगुती जोडणी घेऊन ती शेजाऱ्यांना विकणे ही वेगळी गोष्ट आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत दुकानदार किंवा वस्तीतला गट परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकतो, आणि सरळ वाट तीच आहे.

बालवाडीच्या पेटीसाठी आम्ही गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या घरातून, स्वतंत्र मीटरवरून, नवी वायर ओढली आणि खाली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी ठेवली. तिच्यात ८४ वॅट-तास मावतात. या बॅटऱ्या निम्म्याहून जास्त उपसल्या तर लवकर मरतात, म्हणून ४२ धरा, आणि ६ वॅट खाणारी पेटी त्यावर साधारण सात तास चालते. मग ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी आम्ही मुद्दाम बिघाड करून पाहिला, कारण वाट दुसरी आहे की नाही हे पहिली बंद केल्याशिवाय कळत नाही. गिरणीवाले काका मेन स्विचपाशी उभे राहिले. वरच्या आळीत, तोपर्यंत अकरावीला प्रवेश मिळालेली ती मुलगी पायरीवर माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. त्यावर दर सेकंदाला एक पॅकेट बाहेर जात होते आणि उत्तराची एक ओळ उमटत होती. मी खालून फोनवर सांगितले, काकांनी स्विच पाडला, आणि फोनवरून तिचे मोजणे ऐकू येऊ लागले. "एक गेलं. दोन गेलं. तीन गेलं." पाचला आमच्यापैकी कोणीच काही बोलत नव्हते. आठ म्हणून झाल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आलं. दादा, बालवाडीवरून आलं." पुढची दहा मिनिटे एकही ओळ चुकली नाही. मग काकांनी स्विच वर केला, कारण बाहेर दळणाचे डबे घेऊन चार बायका उभ्या होत्या.